त्याच स्टोव्हवर

"उज्ज्वला, हा स्टोव्ह फुटला का हो?"

पाळंदेबाईंनी चष्मा कपाळावर सरकवून माझ्याकडे पाहिलं. खालच्या दुकानात कुणीतरी नव्या तंबोऱ्याच्या तारा जुळवत होतं, आणि तोच एक सूर जिन्यातून पुन्हा पुन्हा वर येत होता.

"कुठला स्टोव्ह?" मी विचारलं. माझ्या अख्ख्या कादंबरीत स्टोव्ह एकच होता.

"ज्यानं कमल भाजते तो."

"फुटला ना. तसंच लिहिलंय मी."

"हं." त्यांनी समासात पेन्सिलीनं बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं, पान माझ्याकडे फिरवलं आणि चहाचं बघते म्हणून आत निघून गेल्या.

ही त्यांची पद्धत होती. प्रकाशक पुण्याचे, पण कादंबऱ्यांची बाडं ते मिरजेला पाळंदेबाईंकडे पाठवत. बाई कुणाचं वाक्य खोडत नसत, की त्या जागी स्वतःचं घालत नसत. नुसते प्रश्न विचारत, आणि प्रश्न विचारला की उठून जात. पहिल्या भेटीत मी त्यांना याचं कारण विचारलं होतं. "समोर माणूस असला की लेखक लगेच उत्तर देतो," त्या म्हणाल्या होत्या, "आणि मग दिलेलं उत्तर राखत बसतो. मला उत्तर घेऊन काय करायचंय? ते पानाला द्या." भलेभले लेखक त्यांचा जिना चढताना घाबरायचे म्हणे. मी तर जन्माची भित्री. मी शिकवते त्या शाळेत तपासणी असली की माझ्या हातून खडू गळून पडायचा, आणि मुलं हसायची.

त्या दिवशी आधीही एक प्रश्न झाला होता. "ही कमल जिवंत असताना काय करते?" तो मला नीटसा कळलाच नव्हता. कमल मरते, हेच तर माझ्या कादंबरीत घडत होतं. तो प्रश्न मी बाजूला ठेवला होता. हा दुसरा मात्र बाजूला ठेवता येईना.

मी पान वाचलं. वरच्या परिच्छेदात स्टोव्हचा भडका उडाला होता, टाकी फाटली होती, पितळेचे तुकडे भिंतीत घुसले होते. मग कमलला गाडीत घालून दवाखान्यात नेलं. संध्याकाळी पोलीस आले आणि बाहेरच्या सोप्यात बसून पंचनामा लिहायला लागले. आणि परिच्छेदाच्या शेवटी माझ्याच टाइपरायटरवर उमटलेलं वाक्य होतं: 'त्याच स्टोव्हवर आईनं पोलिसांसाठी चहा टाकला.'

हे बाड मी कितीदा वाचलं होतं, टाइप केलं होतं, तपासलं होतं. एकदाही हे दिसलं नव्हतं.

कारण ते वाक्य मी रचलं नव्हतं. कमल म्हणजे माझी शालनकाकू. तासगावातलं आमचं घर, आमचा सोपा, आणि चहा टाकणारी ती माझी आई. मी तेव्हा तिसरीत होते. शाळेतून आले तर दारात माणसं, घरात रॉकेलचा वास, आणि ओट्यावर पितळी स्टोव्ह जिथल्या तिथं. काकू नव्हती. आईनं पंप मारला, आधण ठेवलं. माझ्या डोळ्यांपुढं ते तसंच राहिलं होतं आणि बोटांतून तसंच कागदावर उतरलं होतं. वरचा भडका, फाटलेली टाकी आणि भिंतीतले तुकडे मात्र मला आप्पांनी सांगितले होते. आप्पा म्हणजे माझे चुलते, शालनकाकूचे यजमान.

बाई चहा घेऊन आल्या. मी घाईघाईनं म्हणाले, "चूक झाली माझी. चहाचं वाक्य काढून टाकते."

"काढा की. पुस्तक तुमचं आहे." त्यांनी कप माझ्या पुढ्यात ठेवला. "फक्त काढण्याआधी एकदा मोठ्यानं वाचा."

मी वाचलं. आवाज घोगरा निघाला.

"आता त्याच्या वरचं वाचा, भडक्याचं."

तेही वाचलं.

"ऐकू आलं?" बाईंनी विचारलं. "भडका तुम्ही कुठंतरी ऐकलाय. चहा तुम्ही पाहिलाय. मी जन्मभर लोकांची बाडं वाचत आले, उज्ज्वला. माणूस कशाला भितो ते मला तो काय लिहितो यावरून कळत नाही. तो कुठं घाईनं लिहितो यावरून कळतं. तुमचं सगळं पुस्तक दाराकडे बघत बघत लिहिलंय. तेवढं एक वाक्य लिहिताना तुम्ही दाराकडे बघायला विसरलात."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी विचारलं, "मग मी खरं लिहू का?"

"ते मी कशी सांगू? मला त्या घरात राहायचं नाहीये." त्या जरा रागावूनच बोलल्या. "नाती बदला, गाव बदला, हवं तर बाड परत घेऊन जा. मी प्रकाशकांना कळवीन की लेखिकेला आणखी अवधी पाहिजे. पण हे दोन परिच्छेद एका पानावर नांदणार नाहीत. एकाला जावं लागेल."

त्या घरात मला राहायचं होतं, आणि माझ्याहून जास्त माझ्या आईला. मी दुडदुडत होते तेव्हाच माझे वडील गेले. आप्पांनी आम्हा दोघींना सांभाळलं, मला शिकवलं, शाळेत चिकटवलं. काकूच्या मागं त्यांनी दुसरं लग्न केलं नाही, याचं गावाला फार कौतुक होतं. बायकोच्या आठवणीत जन्म काढला म्हणायचे लोक. द्राक्षवाल्यांच्या संघात आप्पांचा शब्द चालायचा. माझी कादंबरी निघणार हे कळल्यावर तर त्यांनी संघाच्या हॉलमध्ये प्रकाशनाचा समारंभही ठरवून टाकला होता, गावभर आमंत्रणं सांगितली होती. आप्पा कधी ओरडत नसत. राग आला की हातातला पेपर घडी घालत जायचे, एकावर एक घड्या, पार तळहाताएवढा होईपर्यंत. तेवढी घडी पाहिली की आई आणि मी स्वयंपाकघरातून बाहेर यायचो नाही.

परतीच्या एसटीत मी पिशवीतून खोडरबर काढलं. समासात बाईंनी लिहिलं होतं, 'स्टोव्ह फुटला का?' गाडी हिसके देत होती आणि मी पुसत होते. अक्षरं काही गेली नाहीत. काळं फासल्यासारखी पसरली आणि होती त्याहून ठळक दिसायला लागली. शेजारच्या बाईंनी भडंगाची पुडी पुढं केली, नको म्हणायचं सुचलं नाही म्हणून मी खात राहिले. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तसं मला वाटत होतं की आप्पा तासगावच्या स्टँडवरच उभे असतील.

ते स्टँडवर नव्हते. सोप्यात पेपर वाचत बसले होते.

"काय म्हणत्यात संपादकबाई?"

"बरं आहे म्हणाल्या, आप्पा."

"बरं? नुस्तं बरं?" ते हसले. "आपलं घर हाय म्हणं त्यात."

"तसं काही नाही. थोडंफार."

"न्हाई, असू दे की. घर असलं तर चांगलंच हाय. फक्त लिवताना माणसानं जपून लिवावं. झाकली मूठ सव्वा लाखाची." त्यांनी पान उलटलं. "उद्या ऐतवार हाय. जेवणं झाली की वाचून दाखव. हॉलमधी चार माणसं मला इचारणार, काय लिवलंय पोरीनं. मला ठावं नगं?"

आई दारात उभी होती. तिनं माझ्या हातातली पिशवी घेतली आणि काही न बोलता आतल्या खुंटीला अडकवली. आई तशीच होती. सातवीपर्यंत शिकलेली, पण मी तिला पेपराखेरीज काही वाचताना पाहिलं नव्हतं, आणि आप्पांसमोर तर ती गरजेपुरतंही बोलत नसे. मी कादंबरी लिहितेय हे कळल्यावर तिनं मला एकच विचारलं होतं, "लई डोळं दुखत न्हाईत न्हवं?"

सकाळी आई मसाला कुटायला बसली तेव्हा मी ते पान काढलं. चहाचं वाक्य शाईनं खोडायचं मी ठरवलं होतं. दुसरं काय करणार? मूठ झाकायची होती. खोडायला गेले तेव्हा समासात, त्या फासलेल्या प्रश्नाशेजारी, पिवळा डाग दिसला. एसटीतल्या भडंगाची हळद लागली असेल असं वाटून मी तो पदरानं पुसला. तोही गेला नाही. त्या पानावरून काही म्हणता काही जायला तयार नव्हतं, आणि खोडायला उचललेलं पेन माझ्या हातात तसंच राहिलं. शेवटी मनाशी म्हणाले, खोडायला नको, वाचताना गाळू. आप्पांना काय कळतंय?

जेवणं झाली. आप्पा आरामखुर्चीत बसले, पेपर मांडीवर. मी समोर स्टुलावर. आई आत चहा ठेवत होती. मी पहिल्या पानापासून वाचायला लागले. आप्पा मधूनमधून मान डोलवायचे, "ही आपली म्हस का?" असं विचारून हसायचे. मी पुढं जात होते आणि ते पान जवळ येत होतं. माझे तळवे इतके घामेजले होते की कागद बोटांना चिकटत होता. वाटत होतं, लाइट जाईल, कुणी पाहुणा येईल, काहीतरी होईल. काही झालं नाही. ते पान आलं.

"थांबलीस का? वाच की."

मी भडका वाचला. फाटलेली टाकी वाचली, भिंतीतले तुकडे वाचले. आप्पा डोळे मिटून ऐकत होते. मी कमलला गाडीत घातलं, पोलिसांना सोप्यात बसवलं, पंचनामा लिहायला लावला, आणि चहा ओलांडून सरळ पुढच्या परिच्छेदावर आले.

"बराबर लिवलंयस," आप्पांनी डोळे उघडले. "असंच झाल्तं. नशीब एकेकाचं."

"मधलं एक गाळलंस तू," आई म्हणाली.

ती दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती. मला वाटलं, मला भास झाला. आप्पांनीही तिच्याकडे असं पाहिलं, जणू भिंतीनं तोंड उघडलं होतं.

"काय गाळलं, वहिनी?"

"च्याचं." आईनं ट्रे टीपॉयवर ठेवला. तिच्या उजव्या हाताची बोटं मसाल्यानं पिवळी झालेली होती, रोजचीच. ती बोटं पाहिली आणि समासातला डाग कुणाचा ते मला कळलं. "त्याच स्टोव्हवर आईनं पोलिसांसाठी चहा टाकला. असं लिवलंय तिनं. मी वाचलंय."

आप्पांनी मांडीवरचा पेपर उचलला आणि घडी घातली. मग दुसरी. मला ओरडावंसं वाटलं, आई, आत जा. मी आयुष्यात इतकी कधी घाबरले नव्हते, आणि ती भीती स्वतःसाठी नव्हती. पेपर लहान लहान होत होता आणि आई तिथंच उभी होती.

"लेकराला काय आठवतंय तवाचं," आप्पा शेवटी म्हणाले. आवाज अगदी मऊ होता. "दुसरा स्टोव्ह असंल."

"दुसरा कुठं होता भावजी आपल्यात? त्योच होता. तुम्हीच म्हणलासा, वहिनी, सायबास्नी च्या टाका. मी टाकला." आईनं कप उचलून त्यांच्यापुढं धरला, रोज धरायची तसाच. "पिनसुदिक मारायला लागली न्हाई. एका काडीत पेटला."

कप कुणी घेतला नाही. आईनं तो परत ट्रेमध्ये ठेवला.

"वहिनी," आप्पा म्हणाले, "या घरात ऱ्हायाचं हाय न्हवं?"

"ऱ्हायले की. लई दिस ऱ्हायले."

आणि आई खुर्चीत बसली. आप्पांच्या समोरच्या लाकडी खुर्चीत, जिथं संघाची माणसं बसायची. मी तिला त्या सोप्यात भुईवर सोडून कुठं बसलेलं पाहिलं नव्हतं. तिनं हात मांडीवर घट्ट धरले आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "वाच. गाळू नगं."

मी वाचलं. तेवढं एकच वाक्य. मी संपवलं तेव्हा आप्पा उठून बाहेर गेले होते आणि खुर्चीत तळहाताएवढा पेपर पडला होता.

आम्ही दोघी दोन ट्रंका घेऊन मिरजेला आलो ते परत गेलो नाही. आप्पांचं काही झालं नाही, हेही सांगितलं पाहिजे. पंचनामा जुना, साहेब वारलेले, आणि आईनं अर्ज करून काय होणार म्हणून सगळ्यांनी हात झटकले. हॉलमधला समारंभ रद्द झाला. खाल्ल्या घरचे वासे मोजणारी पोर म्हणून गावात माझं नाव झालं, ते अजून आहे. पुढं कितीतरी दिवस जिन्यावर पावलं वाजली की मी दाराची कडी तपासायची.

त्या धावपळीतच एका दुपारी मी आईला घेऊन पाळंदेबाईंकडे गेले. शालनकाकूचं काय ते मी त्यांना सांगून टाकलं होतं. भडक्याचा परिच्छेद मी काढला होता. त्या जागी काय लिहायचं ते मात्र मला येत नव्हतं. मी शाळेतून आले तेव्हा सगळं होऊन गेलं होतं, त्याआधीचं मला काहीच ठाऊक नव्हतं. आईला विचारायची माझी छाती झाली नव्हती.

बाईंनी ते पान हातात घेतलं. फासलेल्या पेन्सिलीवरून आणि पिवळ्या डागावरून त्यांची नजर फिरली. मग त्यांनी आईकडे पाहिलं, तिच्या बोटांकडे पाहिलं, आणि पान हलकेच खाली ठेवलं. आई जिन्याकडे कान देऊन बसली होती. खालच्या दुकानात तार लागत नव्हती, ढिली करून पुन्हा पिळत होते.

"मी उज्ज्वलाला एक विचारलं होतं," बाई आईला म्हणाल्या. "तिला ते सांगता आलं नाही. लहान होती ती. तुम्हाला विचारू का?"

आईनं मान हलवली.

"शालन जिवंत असताना काय करायची हो?"

मी सवयीनं पाय बाजूला घेतले, बाईंना उठून आत जायला वाट हवी म्हणून. बाई उठल्या नाहीत. त्यांनी पेन्सिल टेबलावर ठेवली, खुर्ची आईच्या जवळ ओढली आणि हात मांडीवर घेऊन बसून राहिल्या.

आईनं जिन्याकडून नजर काढून बाईंकडे पाहिलं. मग ती एकदम हसली. तिचं ते हसू मी विसरलेच होते.

"शालनला च्या लई ग्वाड लागायचा," आई म्हणाली. "सासूबाई साखर कुलपात ठेवायच्या. तर ती काय करायची ठावं हाय का..."